बहिणीची किडनी, अमेरिकी पासपोर्ट आणि एजंटचा फोन

प्रश्न सिंहगड रोडवरच्या एका वाचकाचा आहे. मोठे भाऊ ४६ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सख्खी बहीण न्यू जर्सीत, आता अमेरिकेची नागरिक, आणि किडनी द्यायला मनापासून तयार. पण दूतावासाचे कागद, कमिटी, मुलाखती यात महिनेच्या महिने जातील असं चार लोकांनी घाबरवलंय. मधल्या काळात डायलिसिस सेंटरबाहेर भेटलेल्या एका माणसाने 'दुसऱ्या देशात पंधरा दिवसांत काम होतं, सगळं लीगल' असं सांगून नंबर दिला. वाचक विचारतात, दोन्हीकडे सीमा ओलांडावी लागतेच, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? आणि या सगळ्यावर लक्ष तरी कोण ठेवतं?

पुण्यात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर (प्रत्यारोपणात दाता, रुग्ण आणि इस्पितळ यांच्यातला दुवा) म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. थेट उत्तर आधी देते. बहिणीचा मार्ग कायदेशीर आहे. किचकट आहे, पण होतो. एजंटचा मार्ग गुन्हा आहे, आणि तो परदेशातल्या ऑपरेशन टेबलावर नाही, इथे पुण्यात तुमच्या फोनवरच सुरू होतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम १९ फक्त विकणाऱ्याला धरत नाही. अवयवासाठी पैसे देणारा, घेणारा, पैसे घेऊन द्यायला तयार असलेला माणूस शोधणारा, व्यवहार ठरवणारा, जाहिरात करणारा, सगळे त्यात येतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी आहे. 'आम्ही पैसे परदेशात दिले' हा बचाव एजंट शिकवून ठेवतो. बोलणी सिंहगड रोडवर झाली असतील तर तो फारसा टिकायचा नाही.

आता फरकाचं कारण. बहिणीच्या बाबतीत दाता कोण आहे, ती का देते आहे, तिची तब्येत कशी आहे आणि पाच वर्षांनी ती कुठे सापडेल, हे सगळं माहीत आहे. एजंटच्या किडनीत नेमकी हीच माहिती गायब असते. ती चुकून गायब झालेली नसते. ती गायब ठेवणं हाच त्याचा धंदा आहे. सीमेपलीकडच्या अवयवदानाचे इथले आणि जगातले सगळे नियम वाचून पाहा, दाता नजरेआड होऊ नये यासाठीच त्यांची धडपड दिसेल. रुग्णाची सुरक्षितताही तिथेच अडकलेली असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं नैतिकता ही दात्याच्या बाजूची गोष्ट आणि आपल्याला फक्त किडनी चालल्याशी मतलब.

किडनी चालण्याबद्दलच बोलू. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या १३० रुग्णांनी विकत घेतलेल्या किडन्या बसवून घेतल्या होत्या. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आणि एचआयव्हीसारखे संसर्ग पाहून तिथल्या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली. हे रुग्ण गेले होते कुठे? मुंबईला. त्या काळात परदेशी माणूस पैसे घेऊन जिथे किडनी घ्यायला यायचा तो देश आपला होता. चेन्नईच्या विल्लिवाक्कमला लोक 'किडनीवाक्कम' म्हणायला लागले होते. १९९४ चा कायदा त्या बाजारामुळे आला, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत तो ज्या पहिल्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. तुमच्या भावाला आज जी वाट दाखवली जाते आहे, ती तेव्हा उलट्या दिशेने वाहत होती इतकंच.

परदेशातून असं प्रत्यारोपण करून परतलेला रुग्ण वॉर्डात येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा एक-दोन पानांचा कागद असतो. नेफ्रॉलॉजिस्टला हवं असतं ते असं: सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलं इंजेक्शन दिलं, टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पातळी किती होती, दोघांचं रक्त जुळतं का हे पाहणारा क्रॉसमॅच झाला होता का, दात्याला हिपॅटायटिस बी, सी किंवा सीएमव्ही विषाणूचा संसर्ग होता का, टीबी होऊन गेला होता का. त्या कागदावर यातलं काही नसतं. मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, साधारण चार ते सहा आठवड्यांत काढायचा असतो. तो आत आहे हेच रुग्णाला ठाऊक नसल्याची उदाहरणं आहेत. मग मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि नवी किडनीच धोक्यात येते. दात्याची चाचणी 'निगेटिव्ह' असली तरी ती कुठली आणि कधीची, याला महत्त्व असतं. नुकताच संसर्ग झाला असेल तर साध्या अँटिबॉडी चाचणीत तो दिसत नाही. विषाणूचे जनुकीय अंश थेट शोधणाऱ्या नॅट चाचणीत हा अंधारा काळ बराच कमी होतो, पण पूर्ण संपत नाही. म्हणूनच दात्याची पार्श्वभूमी विचारावी लागते, आणि ती त्याने खरी सांगावी लागते. जो माणूस पैशासाठी टेबलावर झोपला आहे, तो 'मला मागच्या वर्षी कावीळ झाली होती' असं कशाला सांगेल? सांगितलं तर सौदा मोडतो. नातेवाईक दात्याचं उलटं असतं. किडनी भावाला जायची आहे, तेव्हा लपवण्यात तिचं काहीच हित नाही.

दुसरा माणूस, म्हणजे विकणारा, याच्याकडे कागदही नसतो. पन्नाशीत त्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढायला लागलं, रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिनं जायला लागली, तर त्याची नोंद कुठल्याही देशाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. २०२५ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकारी कर्जापायी कंबोडियात किडनी विकल्याचं प्रकरण गाजलं. त्याआधी, मे २०२४ मध्ये, कोची विमानतळावर एकाला अटक झाली तेव्हा माणसांना किडनीसाठी इराणला नेणारं जाळं उघडं पडलं. इराणचं उदाहरण मुद्दाम देते, कारण 'तिथे तर कायद्यानेच पैसे देतात' असं एजंट म्हणतो. इराणमध्ये दात्याला मोबदला देण्याची सरकारमान्य पद्धत आहे हे खरं. पण ती त्यांच्या त्यांच्या नागरिकांपुरती आहे. परक्याला इराणी माणसाची किडनी घेता येत नाही.

'लक्ष कोण ठेवतं' याचं खरं उत्तर थोडं निराश करणारं आहे. जगभरात धाड टाकू शकेल असं एकही खातं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१० साली जागतिक आरोग्य सभेने मान्य केलेली. २००८ चा इस्तंबूल जाहीरनामा आहे, जगभरच्या प्रत्यारोपणतज्ज्ञांनी आणि मूत्रविकारतज्ज्ञांनी मिळून केलेला, २०१८ मध्ये सुधारलेला. तुमच्या प्रश्नातला फरक तो स्पष्ट करतो: प्रत्यारोपणासाठी प्रवास करणं मुळात गैर नाही, पण त्यात अवयवाची खरेदी किंवा माणसांची तस्करी असेल, किंवा परक्या रुग्णांना अवयव दिल्याने त्या देशाची स्वतःच्या लोकांना सेवा द्यायची ताकद कमी होत असेल, तर ते गैर. ही तत्त्वं आणि हा जाहीरनामा, दोन्ही बंधनकारक नाहीत. बंधनकारक आहे तो युरोप परिषदेचा अवयव तस्करीविरोधी करार, २०१५ साली सांतियागो दे कॉम्पोस्तेला इथे सह्यांसाठी खुला झालेला आणि मार्च २०१८ पासून लागू असलेला. तो युरोपबाहेरच्या देशांनाही खुला आहे. भारत त्यात नाही. मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये मात्र आपण २०११ पासून आहोत, आणि अवयव काढून घेण्यासाठी केलेली माणसांची तस्करी त्यात येते.

म्हणजे शेवटी प्रत्येक देश आपापल्या कायद्यावर. एक देश दार लावतो की धंदा शेजारी सरकतो. पाकिस्तानने २००७ मध्ये अध्यादेश काढला, फिलिपिन्सने २००८ मध्ये परदेशी रुग्णांना बंदी घातली, आणि दलालांनी नवे पत्ते शोधले. २००८ मध्ये कोसोवोतलं एक क्लिनिक बंद पाडलं गेलं, तिथे विकणारे एका देशाचे, घेणारे दुसऱ्या, सर्जन तिसऱ्या आणि ऑपरेशन चौथ्या देशात असा कारभार होता. अशा वेळी तक्रार नोंदवायची कुठल्या पोलीस ठाण्यात?

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे घेणाऱ्याच्या देशाने आपल्याच माणसाला जबाबदार धरणं. इस्रायलने २००८ च्या कायद्याने बेकायदा परदेशी प्रत्यारोपणांचे विम्याचे पैसे बंद केले आणि बाहेर जाणाऱ्यांची रांग आटली. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या नागरिकाने परदेशात अवयव विकत घेणं हाही गुन्हा ठरवला. पुढच्याच वर्षी तिथल्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याखाली नायजेरियाच्या एका सिनेटरला मुलीच्या किडनीसाठी लागोसहून तरुण आणल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. दाता मुलीचा 'चुलतभाऊ' आहे असं लंडनच्या इस्पितळात खोटं सांगितलं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी त्याला दाता म्हणून नाकारलं. आपल्या कायद्यात परदेशात झालेल्या प्रत्यारोपणाबद्दल इतकी स्पष्ट तरतूद असायला हवी, असं माझं मत आहे.

आता तुमच्या बहिणीकडे येऊ. बहीण ही कायद्याने 'जवळची नातेवाईक'. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ पासून आजी-आजोबा आणि नातवंडं, एवढीच ही यादी आहे. काका, मामे-मावसभाऊ, वहिनी यात नाहीत. दोघंही भारतीय असते तर इस्पितळाच्या पातळीवर नातं तपासून पुढे जाता आलं असतं. दोघांपैकी एक परदेशी नागरिक असला की ऑथरायझेशन कमिटीची, म्हणजे कायद्याने नेमलेल्या परवानगी समितीची, पूर्वपरवानगी लागतेच, मग नातं सख्खं का असेना. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी पासपोर्ट अमेरिकेचा, त्यामुळे सूट नाही. २०१४ च्या नियमांप्रमाणे तिच्या देशाच्या दूतावासातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं नात्याचं प्रमाणपत्र लागतं, नमुना २१. प्रत्येक दूतावासाची पद्धत वेगळी असते. काही ठिकाणी तुमच्या प्रतिज्ञापत्रावर काम चालतं, काही ठिकाणी आधी सगळे मूळ दाखले मागतात. म्हणून बहिणीने तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्यावं.

आपल्याकडे घोडं अडतं ते नावावर. जन्मदाखल्यावर फक्त 'मुलगी', नावाचा रकानाच रिकामा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव, अमेरिकी पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव आणि मधलं नाव गायब. कागदोपत्री या चार वेगळ्या बायका होतात. म्हणून हे जमवा: लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र, आई-वडिलांचं जुनं रेशनकार्ड, दोघांच्या शाळेचे दाखले, आणि हो, लग्नाचा अल्बम: फोटो कमिटी खरंच बघते, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मुंजीतला भावा-बहिणीचा फोटो कुणी फोटोशॉप करत बसत नाही. एचएलए, म्हणजे ऊतींचा प्रकार पाहणारी तपासणी तर जुळणीसाठी करावीच लागते, तिच्यातूनही रक्ताचं नातं बऱ्यापैकी दिसतं. तरीही शंका राहिली तर कमिटी डीएनए चाचणी सांगू शकते.

हे जाचक वाटतं, मान्य. पण २०२२ मध्ये पुण्यातच उघड झालेलं प्रकरण आठवा. कोल्हापूरकडची एक बाई रुग्णाची बायको म्हणून कागदावर उभी केली गेली, पंधरा लाखांचं आमिष दाखवून, आणि पैसे मिळाले नाहीत तेव्हा तिनेच तोंड उघडलं. कागद सगळे होते. २०२४ मध्ये जयपूरला परवानगीची बनावट पत्रं लाच घेऊन वाटली जात होती हे बाहेर आलं, आणि त्याच वर्षी दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने बांगलादेशी दाते आणि रुग्ण यांचं नातं दाखवायला दूतावासाच्या नावाची खोटी कागदपत्रं केली होती. म्हणजे नमुना २१ सुद्धा पुरत नाही. जयपूरच्या प्रकरणानंतर एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की प्रत्येक प्रत्यारोपणात दाता आणि रुग्ण या दोघांचा नोटोचा (राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेचा) आयडी तयार झालाच पाहिजे, जिवंत दात्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर जास्तीत जास्त ४८ तासांत. आदल्या वर्षी देशात झालेल्या १८,३७८ प्रत्यारोपणांपैकी सुमारे दहा टक्के परदेशी रुग्णांची होती. तो आकडाच या पत्रामागे होता.

माझ्या मते खरी चाळणी कागदांची नाही, दात्याशी एकट्याने, दार लावून, घाई न करता बोलण्याची आहे. 'घरी स्वयंपाक कोण करतं, भावाला कुठली भाजी आवडत नाही, नको वाटलं तर आम्ही वैद्यकीय कारण सांगून थांबवू, तुझं नाव येणार नाही.' खोटी बायको इथे अडखळते, आणि सासरच्या दबावाने आलेली खरी बायकोही इथेच बोलते. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि तो सगळाच त्याग स्वखुशीचा असतो यावर माझा विश्वास नाही. दुभाष्या लागत असेल तर तो रुग्णाच्या ओळखीचा नसावा. एवढी साधी गोष्टही परदेशी रुग्णांच्या बाबतीत सगळीकडे पाळली जात नाही.

उलट दिशेचंही लक्षात ठेवा. परदेशी रुग्णाला भारतीय जिवंत दाता चालतो तो फक्त जवळचा नातेवाईक असला तर, तेही क्वचित आणि जास्त काटेकोर तपासणीनंतर. मित्र, ड्रायव्हर, 'भावासारखा' असा कुणीही नाही.

मेंदूमृत दात्याच्या अवयवांचं वाटप हा वेगळा विषय, थोडक्यात सांगते. आधी राज्याची यादी, मग विभागाची, मग देशाची, मग भारतीय वंशाचे परदेशी, आणि कुणीच नसेल तर परदेशी रुग्ण. हृदय बाहेर काढल्यावर चार ते सहा तासच तग धरतं, त्यामुळे खालच्या क्रमांकापर्यंत पोचण्याची वेळ खरोखर येते. २०२४ मध्ये पाकिस्तानातल्या एका १९ वर्षांच्या मुलीला चेन्नईत दिल्लीहून आलेलं हृदय मिळालं ते असंच. हे योग्यच आहे. कुणी घेत नाही म्हणून चालतं हृदय वाया घालवण्यात कसली देशभक्ती? पण 'भारतात कुणी नाही' हे कुणी, किती वेळात, किती फोन करून ठरवलं याची नोंद उघड असली पाहिजे, कारण परदेशी रुग्णाचं बिल मोठं असतं आणि मोह तिथेच असतो. दान देणाराही परका असू शकतो: २०२३ च्या जानेवारीत मुंबईत वारलेल्या एका स्पॅनिश पर्यटक महिलेच्या घरच्यांनी तिचे अवयव इथे दिले.

सीमा ओलांडणं मुळात वाईट नाही, हे युरोपात रोज दिसतं. नेदरलँड्समधल्या लायडनहून चालणाऱ्या युरोट्रान्सप्लांटमध्ये आठ देश आहेत आणि अवयव एका देशातून दुसऱ्यात सर्रास जातो. यादी एक, वाटप एकाच ठिकाणाहून, चाचण्यांचे निकष ठरलेले, आणि दात्याचं नाव गुप्त असलं तरी त्याचा क्रमांक शेवटपर्यंत सोबत असतो. महिन्याभराने दात्यात काही संसर्ग होता असं कळलं तर लगेच सगळ्या रुग्णांच्या डॉक्टरांना निरोप जातो. एजंटच्या किडनीबाबत असा निरोप कुणी पाठवायचा?

बहिणीची एक बाजू मात्र कुणी तिला सांगितली नसेल. अमेरिकेत किडनी देणाऱ्याला पुढे कधी स्वतःला किडनी लागली तर यादीत प्राधान्य मिळतं, पण ते तिथल्या तिथे झालेल्या दानासाठी. पुण्यात दिलेली किडनी त्यात धरत नाहीत. तिथलं केंद्र दोन वर्षं दात्याची माहिती कळवत राहतं. इथून परत गेल्यावर तिच्यासाठी तसं कुणी करणार नाही. त्यामुळे निघण्याआधी तिने आपल्या डॉक्टरला हे स्पष्ट सांगावं, विम्यात पुढच्या तपासण्या बसतात का ते विचारावं, आणि परत जाताना ऑपरेशनच्या नोट्स, उरलेल्या किडनीचा स्कॅन आणि शेवटचं क्रिएटिनिन सोबत न्यावं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, हे कायमचं. ऑपरेशननंतर लगेच सोळा-सतरा तासांचा प्रवास करू नये, पायात गुठळीची भीती असते. महिन्याभराची रजा धरून चालावं. मूल व्हायचं असेल तर गरोदरपणातल्या रक्तदाबाबद्दल आधी बोलून घ्यावं.

क्रम असा ठेवा. रक्तगट, क्रिएटिनिन, साखर, लघवी आणि सोनोग्राफी तिने तिकडेच करून रिपोर्ट पाठवावेत; या तपासण्यांतच नापास झाली तर उगाच प्रवास नको. त्याच वेळी दूतावासाशी पत्रव्यवहार सुरू. कागद नीट असतील तर कमिटीकडे फार वेळ जात नाही, वेळ जातो तो आपण अर्धवट फाइल नेतो म्हणून. रक्तगट जुळला नाही तरी अदलाबदलीचा, म्हणजे स्वॅपचा रस्ता आहे, पण दोन्ही जोड्यांतले दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असावे लागतात. आणि बहीण येणार आहे म्हणून भावाचं नाव झेडटीसीसी पुणे या, मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या विभागीय केंद्राच्या यादीत घालायचं थांबवू नका. तुमच्या इस्पितळातर्फे ते आजच घालता येतं.

एजंटचे मेसेज डिलीट करू नका. त्याला उत्तरही देऊ नका, 'फक्त किती लागतील ते विचारू' असंही नको. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत द्या, आणि डायलिसिस सेंटरच्या प्रमुखांनाही कळवा, कारण तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही तोच नंबर मिळालेला असणार.